एका पदकामागे एक वंशज

युद्धात मेलेल्या माणसाचं काम एका दिवसात संपतं. त्याची आठवण काढणाऱ्याचं काम कधीच संपत नाही. मेलेल्याला एकदाच जावं लागतं. आठवण काढणाऱ्याला मात्र दर वर्षी पंचवीस एप्रिलला पहाटे चारला उठून दाढी करावी लागते, कोटाला इस्त्री करावी लागते आणि चेहरा दुपारच्या जेवणापर्यंत गंभीर ठेवावा लागतो. हा त्याग कोणाच्या लक्षात येत नाही, असं ग्रेअम क्विल्टीचं म्हणणं होतं. तो ते लोकांच्या लक्षात आणून दिल्याशिवाय राहत नाही, अशी त्याच्या आईची, मर्टल क्विल्टीची, तक्रार होती.

तक्रार फेब्रुवारीपासूनची होती. एरवी ग्रेअम कुरूबिन गावात घरं आणि जमिनी विकायचा आणि चारचौघांसारखा बोलायचा. पण अँझॅक दिवस, म्हणजे पंचवीस एप्रिलचा सैनिकांचा स्मरणदिन, दोन महिन्यांवर आला की त्याचा आवाज बदलायचा. समोर माइक नसला तरी तो माइकवरच बोलायचा. 'मीठ दे' हे दोन शब्द तो असे उच्चारायचा, की टेबलावरच्यांनी काटे खाली ठेवून उभं राहावं. रविवारी आईकडे जेवायला आला की हात पाठीमागे बांधून स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारायचा आणि ओव्हनची पाहणी करायचा. यंदा तर त्याने त्या स्वयंपाकघराला कागदोपत्री 'अल्पाहार विभाग' असं नाव दिलं आणि मर्टलला विभागप्रमुख नेमलं. पंच्याऐंशीव्या वर्षी, स्वतःच्याच स्वयंपाकघरात नेमणूक झाल्याबद्दल मर्टलने कुठे आनंद व्यक्त केल्याची नोंद नाही.

ग्रेअम हा कुरूबिन स्मरणदिन संचलन समितीचा अध्यक्ष. ही समिती म्हणजे गावाचं भूषण. तिच्यात अकरा सभासद आहेत आणि त्यांतल्या एकानेही युद्ध पाहिलेलं नाही. हे कोणी मुद्दाम केलेलं नाही, पण झालं ते सोयीचंच झालं. युद्ध पाहिलेली माणसं या कामाला कुचकामी असतात. ती बैठकीला येत नाहीत, आली तर मधेच उठून बाहेर सिगारेट ओढत बसतात, आणि कार्यक्रमपत्रिकेत 'बलिदान' हा शब्द किती वेळा यावा (सध्या एकोणीस) यावर त्यांचं काहीच मत नसतं. समितीच्या सभासदांना मतं होती आणि ती मांडायला आयुष्य पडलं होतं.

समितीच्या सचिव शेरिल पॉट्सबाई. त्यांना नियमांखेरीज जगात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे त्या नियमांवर पोटच्या पोरांसारखी माया करायच्या. गेल्या वर्षीच्या संचलनाचा गोषवारा त्यांनी माजी सैनिकांच्या क्लबात फलकावर लावला होता, तो असा:

चालणारे, एकूण: एकशे त्रेचाळीस.
पैकी वंशज: शहाण्णव.
शाळेची मुलं: एकतीस (दोन मधूनच घरी गेली).
वाजंत्री: आठ.
तट्टूक्लबच्या मुली: सात (प्रत्यक्षात तट्टू चालले).
कुत्रा: एक.
माजी सैनिक: निरंक.

इथे पदकांचा नियम सांगितला पाहिजे. ज्याने पदक कमावलं त्याने ते डाव्या छातीवर लावायचं. बापाचं, आजोबाचं असेल तर उजव्या. कुरूबिनच्या संचलनात गेली कित्येक वर्षं सगळ्या छात्या उजवीकडेच चमकत होत्या, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला वाटायचं की अख्खं गाव किंचित कलून चाललं आहे.

कुत्र्याचं नाव मेजर. त्याच्या खापरपणजीने वाळवंटातल्या एका छावणीत सैनिकांचे बूट राखले होते, असं मालकाने शपथेवर लिहून दिल्यामुळे मेजर तिसऱ्या रांगेत, पदक लावून चालतो. कुत्र्याची उजवी छाती नेमकी कोणती, यावर समितीच्या दोन बैठका झाल्या. इतक्या बारकाईने विचार करणारी संस्था दुसऱ्या कुठल्या गावात असेल असं वाटत नाही.

बिगुलाचंही तसंच. गावातला बिगूल वाजवणारा म्हातारा वारल्यापासून बिगूल ग्रेअमच्या फोनवरून वाजतो. दोन वर्षांपूर्वी स्मारकापुढे माना खाली घालून सगळे उभे असताना त्या फोनवर आधी गाद्यांच्या दुकानाची जाहिरात वाजली. लोकांनी माना वर केल्या नाहीत, कारण काही जणांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. समितीने या प्रकाराची गंभीर दखल घेतली आणि तेव्हापासून कुरूबिनचा शोक जाहिरातमुक्त आहे.

तर अल्पाहार विभागाला यंदा परिपत्रक आलं. ओट आणि खोबऱ्याची ती अँझॅक बिस्किटं, जी सैनिकांना घरून पाठवत असं म्हणतात, त्यांचा व्यास सात सेंटिमीटर असावा. त्यांत अंडं नसावं. चॉकलेट तर नसावंच. आणि त्यांना दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारू नये. मर्टल ही बिस्किटं साठ-बासष्ट वर्षं करत होती. परिपत्रक तिने वाचलं. तिला वाचायला वेळ लागायचा. अकराव्या वर्षी शाळेतून उठली ती गाईंच्या धारा काढायला बसली, त्यामुळे ती एकेक शब्द कोंबडी धरावी तसा बोटाखाली धरायची आणि पूर्ण कळल्याशिवाय सोडायची नाही. वाचून झाल्यावर तिने त्या कागदावर बिस्किटं गार करायला ठेवली. व्यास बरोबर आला.

मर्टलचा धाकटा भाऊ कीथ ट्रेगिअर गावाबाहेर, नदीच्या वळणावर, पत्र्याच्या घरात एकटा राहायचा. सत्याहत्तर वर्षांचा. बोलायचा कमी, खोकायचा जास्त. तो वीस वर्षांचा असताना सरकारने सक्तीच्या लष्करभरतीसाठी वाढदिवसांच्या तारखा पिंपात घालून फिरवल्या होत्या. कीथची तारीख बाहेर आली आणि कीथ व्हिएतनामला गेला. त्याच पिंपातून त्याच पंचक्रोशीतली आणखी दोन पोरं निघाली. एक नॉर्म डफी, दुसरा रेक्स होल. रेक्स परत आला नाही. त्याचं नाव स्मारकावर अगदी शेवटच्या ओळीत आहे, इतरांपेक्षा बारीक अक्षरात, कारण आधीच्या दोन मोठ्या युद्धांनी दगडावर जागा ठेवली नव्हती.

कीथ आणि नॉर्म परत आले आणि एकाहत्तर सालच्या अँझॅक दिवशी कोट घालून, डाव्या छातीवर पदकं लावून क्लबात गेले. तेव्हा क्लबात मोठ्या युद्धातली माणसं बसायची. त्यांनी या दोघांना नीट समजावून सांगितलं, की तुमचं ते काही युद्ध नव्हे, आणि शिवाय रांग भरली आहे. (रांगेत त्या दिवशी अकरा जागा रिकाम्या होत्या.) क्लबाच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत एक बाई बिस्किटं थापत होती. तिने सगळं ऐकलं आणि पुढचं बिस्किट थापलं. तिचं नाव इथे द्यायची गरज नाही. तिची बिस्किटं गावात सगळ्यांना माहीत आहेत.

त्या दिवशी संध्याकाळी दोघं पुलावर गेले आणि पदकं नदीत टाकून आले. तेव्हापासून पंचवीस एप्रिलला दोघं मासे धरायला जायचे. पुलापासून लांब, वरच्या अंगाला.

जानेवारीत नॉर्म वारला. मार्चमधल्या एका रविवारी कीथ बहिणीकडे टोमॅटो घेऊन आला, ते टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाला, "मर्ट, यंदा चालावं म्हणतो."

"कुठे?"

"मोठ्या रस्त्यावरून. सगळे चालतात तिथून." मग एक टोमॅटो ओळीत सरळ करत, "नॉर्म म्हणायचा, आपल्यातल्या एकाने तरी एकदा त्या रस्त्यावरून जायला हवं होतं. मला वाटलं होतं, तो जाईल. पाय त्याचे बरे होते."

डॉक्टरने कीथला काय सांगितलं होतं ते मर्टलला ठाऊक होतं. पुढचा एप्रिल येणार होता, पण तो बाकीच्यांसाठी. तिने एक टोमॅटो उचलून पुसला आणि ग्रेअमला सांगते म्हणाली.

ग्रेअमला मनापासून आनंद झाला, हे इथे नमूद केलं पाहिजे. जुन्या घराचा गालिचा उचलावा आणि खाली अस्सल लाकडी जमीन निघावी, तसा त्याचा चेहरा झाला. खराखुरा माजी सैनिक, तोही घरचाच. त्याने लगेच विहित नमुन्यातला अर्ज पाठवून दिला.

अर्जात अडचण निघाली. संचलनाच्या नियमावलीतला नियम तीन सांगतो, की पदक नाही तर रांग नाही (शाळेची मुलं, वाजंत्री आणि तट्टू यांना सूट). हा नियम ग्रेअमनेच केलेला. नुसतंच भरून आलंय म्हणून कोणीही रांगेत शिरू नये, हा त्यामागचा हेतू. कोणी पक्षपात म्हणू नये म्हणून त्याने 'अध्यक्षांसह सर्वांना लागू' असे शब्दही त्यात घातले होते, आणि ते शब्द त्याला फार आवडायचे.

पदकं कुठे आहेत, या रकान्यात कीथने लिहिलं होतं, 'नदीत.'

समितीने हा अर्ज फेटाळला असं कोणी समजू नये. समितीने त्यावर तीन बैठका घेतल्या. नदीचा तो भाग गावाच्या हद्दीत येतो, तेव्हा पदकं अर्जदाराच्या गावातच आहेत, मग ती 'ताब्यात' आहेत असं धरता येईल का, यावर चर्चा झाली. नदी वाहती असल्यामुळे एकमत झालं नाही. मग पर्यायी पुरावा म्हणून युद्धात सोबत असलेल्या दोन इसमांचा सहीनिशी दाखला मागवण्यात आला. असे इसम दोनच होते, रेक्स आणि नॉर्म. दोघेही गावातच होते, एक दगडावर आणि एक दगडाखाली, पण सही करण्याच्या परिस्थितीत नव्हते. लष्करी खात्याकडून नवी पदकं मागवायची तर उत्तर येईपर्यंत कीथऐवजी त्याचा फोटोच चालला असता. (फोटोला पदकाची अट नाही. नियम पाच.)

शेवटी ग्रेअम निर्णय घेऊन स्वतः आईच्या स्वयंपाकघरात आला. कीथही बसला होता. ग्रेअमने हात पाठीमागे बांधले.

"कीथमामा, आम्ही खूप विचार केला. तुमच्यासाठी बेकरीसमोर खास खुर्ची ठेवणार आहोत. सावलीत. पायांवर घ्यायला पांघरूण. आणि कोटावर लावायला हे."

त्याने कागदाचा एक गोल बिल्ला टेबलावर ठेवला. त्यावर छापलं होतं, 'सन्माननीय प्रेक्षक'.

कीथने तो उलटसुलट करून पाहिला. "डाव्या बाजूला लावायचा की उजव्या?"

हा मुद्दा बैठकीत निघाला नव्हता.

"असू दे," कीथ म्हणाला. "खुर्ची चांगली आहे म्हणतोस ना. मग झालं."

त्या आठवड्यात मर्टल त्याला सूप द्यायला गेली, तेव्हा खिडकीत वर्तमानपत्रावर त्याचे काळे बूट ठेवलेले होते. पॉलिश केलेले. लेससुद्धा धुऊन वाळत घातल्या होत्या. खुर्चीत बसायला कोणी लेस धूत नाही. मर्टलने सूप ठेवलं, बूट पाहिले नाहीत असं दाखवलं, आणि परत येताना पॉट्सबाईंकडून संचलनाची नियमावली मागून आणली. बारा पानं होती. पॉट्सबाईंना भरून आलं. सचिवपदाच्या चौदा वर्षांत ती वाचायला मागणारी ही पहिलीच.

मर्टलला तीन दिवस लागले. भराभर वाचणाऱ्यांचं एक बरं असतं, त्यांना काय लिहिलंय ते लवकर कळतं आणि ते लवकर विसरतातही. मर्टलचं तसं नव्हतं. ती नियम अकरावर एक अख्खी दुपार बसली.

नियम अकराही ग्रेअमचाच. त्याचीही एक कथा आहे. मर्टलच्या बापाने दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या चिखलात दोन वर्षं काढली आणि त्याबद्दल उभ्या जन्मात दोन वाक्यं बोलला, एक चिखलाबद्दल आणि एक डासांबद्दल. अँझॅक दिवशी तो सगळ्यांत लांबच्या कुरणात जाऊन कुंपणाच्या खांबांसाठी खड्डे खणायचा. त्याची चार पदकं मेंढ्यांच्या औषधाच्या रिकाम्या डब्यात, खिळ्यांबरोबर पडलेली असायची. तो गेल्यावर दहा वर्षांनी शेड साफ करताना ती ग्रेअमला सापडली. त्याने ती चकचकीत करून घेतली आणि आईला विचारलं, लावू का? मर्टल म्हणाली, लाव, पण परत आणून दे. त्याला सत्तावीस वर्षं झाली. ग्रेअम दर वर्षी ती उजव्या छातीवर लावून सगळ्यांच्या पुढे चालायचा आणि चिखलाबद्दल भाषण करायचा. आजोबांच्या एका वाक्याची त्याने वीस मिनिटं केली होती.

मग काही वर्षांपूर्वी त्याच्या वारलेल्या मावशीचा शहरातला मुलगा आला आणि म्हणाला, आजोबा माझेही होते, या वर्षी पदकं मी लावतो. त्याला वाटेला लावण्यासाठी ग्रेअमने नियम अकरा आणला: एका पदकसंचामागे एकच वंशज. जवळच्या पिढीचा हक्क आधी. एकाच पिढीत, वयाने मोठा तो आधी. मावसभाऊ ग्रेअमपेक्षा सात महिन्यांनी लहान निघाला. कायद्याने निकाल लागला आणि कोणाला वाईट वाटून घ्यायला जागा राहिली नाही, निदान ग्रेअमला तरी.

त्या दुपारी मर्टलने बोटाखाली 'जवळच्या पिढीचा' हे दोन शब्द धरले आणि सोडले नाहीत. नातवाच्या आधी मुलगा. मुलग्याच्या आधी, वयाने मोठी म्हणून, मुलगी. (नियम करताना समितीच्या डोक्यात मुलगी आलीच नव्हती, पण नियमात 'पुरुष' असंही कुठे लिहिलेलं नव्हतं.) म्हणजे गेली सत्तावीस वर्षं संचलनाचा मान मर्टलचा होता आणि ती तो मान ओव्हनसमोर उभी राहून बजावत होती.

तिने पॉट्सबाईंकडे जाऊन विचारलं, की ज्याचा हक्क आहे त्याने तो खालच्याला द्यायचा असेल तर काय करतात. पॉट्सबाई म्हणाल्या, हक्कसोडपत्र, दोन प्रती. मर्टलने दोन्ही प्रतींवर सही केली. तिची सही मोठी असायची, रकान्यात मावायची नाही. पॉट्सबाईंनी शिक्का मारला आणि अध्यक्षांना कळवायचं का असं विचारलं. मर्टल म्हणाली, त्यांना नियम पाठ आहेत, कळवून त्यांचा अपमान कशाला करायचा.

पंचवीस एप्रिल उजाडला. पहाटेची प्रार्थना रीतसर झाली. तारांवर बसलेले गुलाबी पोपट नेमके स्तब्धतेच्या मिनिटात भांडले. त्यांना पुढच्या वर्षी सूचना देण्याचं ठरलं. मग क्लबात लोकांनी रम घातलेला चहा घेतला, पूर्वजांची आठवण म्हणून, आणि दुसरा पेला घेतला, पहिल्याची आठवण म्हणून. मर्टलची बिस्किटं साडेसातलाच संपली.

साडेदहाला सगळे पेट्रोल पंपापाशी रांगा लावून उभे राहिले. कोटावर आठवणीची खूण म्हणून रोझमेरीच्या डहाळ्या, उजवीकडे पदकं. ग्रेअम सगळ्यांच्या पुढे. तेवढ्यात मर्टल आली. बरोबर कीथ, जुन्या कोटात, पायात ते काळे बूट. मर्टलने ग्रेअमसमोर उभं राहून हात पुढे केला, पोराने तोंडात काहीतरी घातल्यावर करतात तसा.

"काढ."

"काय आई?"

"माझ्या बापाची पदकं. परत आणून दे म्हटलं होतं."

ग्रेअमने इकडेतिकडे पाहिलं आणि आपला माइकवरचा आवाज बारीक केला. म्हणाला, की आत्ता नको, लोक बघताहेत, घरी बोलू. मर्टलचा हात तसाच राहिला. मग त्याने पॉट्सबाईंना हाक मारली, आणि हीच त्याची चूक झाली, कारण पॉट्सबाई आल्या आणि त्यांनी नियम अकरा वाचून दाखवला, हक्कसोडपत्र दाखवलं, शिक्काही दाखवला. ग्रेअम म्हणाला ठीक आहे, पदकं मामांना देऊ या, पण मी अध्यक्ष म्हणून तरी चालतोच. तेव्हा पॉट्सबाईंनी अत्यंत दुःखाने पान मागे उलटलं आणि नियम तीन वाचला. 'अध्यक्षांसह' हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. तो लिहिलाच तसा होता, दोनदा वाचावासा.

तिसऱ्या रांगेतून मेजर हा सगळा प्रकार पाहत होता. त्याची कागदपत्रं पूर्ण होती.

मर्टलने स्वतःच्या हाताने पदकं भावाच्या कोटावर लावली. डाव्या बाजूला तिचा हात क्षणभर गेला आणि परत आला. उजवीकडे.

"म्हणजे मी आता बाबांच्या युद्धावर चालायचं," कीथ म्हणाला.

"तुझ्या युद्धावर तू पाणी सोडलंस. मुकाट्याने चाल. आणि दम लागला तर थांब, तट्टू मागे आहेत, ते काही म्हणणार नाहीत."

वंशजांच्या यादीत त्याचं नाव शेवटी घातलं गेलं असल्यामुळे त्याला नववी रांग मिळाली. अशा रीतीने कुरूबिन गावातला एकमेव जिवंत सैनिक आपल्या गावच्या मोठ्या रस्त्यावरून पहिल्यांदा चालला, वंशज म्हणून.

लाऊडस्पीकरवर ग्रेअमने महिनाभर घोटून लिहिलेलं निवेदन शाळेच्या मास्तरीणबाई वाचत होत्या. नववी रांग बेकरीसमोर आली तेव्हा त्यांनी वाचलं, "आणि हे येत आहेत ते भाग्यवान वंशज, ज्यांना आपल्या पूर्वजांच्या बलिदानामुळे युद्ध कधी पाहावंच लागलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कीथनेही मान हलवली. बेकरीसमोरच्या सावलीत, पांघरूण घातलेली ती खास खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावरचा बिल्ला तेवढा नीट लावलेला होता, डावीकडे.

चारशे मीटर रस्ता. कीथ दोनदा थांबला. एकदा श्वासासाठी, आणि एकदा स्मारकापाशी. तिथे तो रांग सोडून दगडाकडे गेला, वाकला, आणि शेवटच्या ओळीतल्या त्या बारीक अक्षरांवरून अंगठा फिरवला. डोळे अधू झाल्यापासून असलं बारीक तो बोटांनीच वाचायचा. मग परत रांगेत आला. त्यामुळे मागचे तट्टू खोळंबले आणि कार्यक्रमाला चाळीस सेकंद उशीर झाला, याची नोंद पॉट्सबाईंनी घेतली. कारणाचा रकाना त्यांनी कोरा ठेवला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच.

फूटपाथवर मर्टलच्या शेजारी ग्रेअम उभा होता. कोटाच्या उजव्या बाजूला पिनांची भोकं दिसत होती, आणि हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. अवतीभोवती सगळं गाव टाळ्या वाजवत होतं, डोळे पुसत होतं, फोनवर फोटो काढत होतं. तिथे असतात तर तुम्हीही काढला असता, आणि तो चांगला आला असता.

"आई," ग्रेअम म्हणाला, आणि आवाज त्याचा स्वतःचा होता, "लोकांना माहीतच नाही तो कोण आहे. मी जातो आणि माइकवर सांगतो."

मर्टलने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती रस्त्याकडे पाहत होती, जिथून ते काळे बूट पुढे चालले होते.

"काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "सांगायचं होतं ते एकाहत्तर साली, क्लबाच्या दारात. तेव्हा मी आत बिस्किटं थापत होते. तूही तिथेच होतास, माझ्या पोटात. तू वाईट नाहीस, ग्रेअम. तू टाळ्या वाजवणारा माणूस आहेस, चुकून रांगेत शिरला होतास. इथे ये, आमच्यात उभा राहा, आणि वाजव. जोरात वाजव. लढायला दुसरे गेले, मरायला दुसरे गेले, आपल्याला जमतं ते एवढंच. पन्नास वर्षं उशिरा जमतं, पण काय सुरेख जमतं."